ताप बोलतोय

वेदिकाचा मेसेज आला तेव्हा दमयंती फोनवर एका लाँचच्या तांडेलाशी भांडत होती. मिरकरवाड्याच्या बर्फ फॅक्टरीत तिचं कामच ते. कुठल्या लाँचला बर्फ आधी, कुठल्या लाँचला मागून, हे ठरवायचं आणि ज्याला मागून त्याच्या शिव्या खायच्या. "दादा, लाद्या काय मी पोटातून काढू?" असं ती म्हणत होती आणि कानाला लावलेला फोन मध्येच थरथरला. भांडण संपवून तिने बघितलं. 'आबा खूप गरम. लपेट घातली. तू ये.' एवढंच. बाहेर क्रशरमध्ये लादी पडल्याचा दाणकन आवाज झाला, चुरा पन्हळीतून टेम्पोत सरसरत गेला, अमोनियाचा तो नाकाच्या मुळाशी बसणारा वास आला, आणि दमयंतीला बरं वाटलं. खोटं कशाला बोला? काळजात धस्स व्हायला हवं होतं. सासरे, वय झालेलं, नवरा बोटीवर, घरात एकटी पोर. पण धस्स काही झालं नाही. डोक्यावरची पाटी कुणीतरी क्षणभर उचलून धरावी तसं हलकं वाटलं, आणि मग त्या हलकेपणाचीच तिला भीती वाटली. ती उठली, साहेबांच्या केबिनमध्ये डोकावून म्हणाली, सासऱ्यांना ताप आहे, जाते. साहेब चहा पीत होते. "गुरुजींना ताप?" ते म्हणाले आणि चक्क हसले. "त्यांना कसला ताप येतोय? तापालाच थंडी भरेल." तीही हसली. तेरा वर्षं ती या असल्या वाक्यांवर हसत आली होती. आता गालांना सवयच झाली होती.

रिक्षात बसल्यावर तिने 'निघाले' असं लिहिलं आणि फोन पर्समध्ये टाकला. सासऱ्यांचं विठोबा शिवलकर हे नाव सांगितलं तर त्यांच्या मांडवीतसुद्धा लोक जरा विचारात पडतील, पण पाण्याचे गुरुजी म्हटलं की रिक्षावाला थेट दारात आणून सोडेल. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला आणि घरी येऊन लोकांना पाण्यात बसवलं. पोटाची तक्रार, बसा टबात. डोकं ठणकतंय, पाय कोमट पाण्यात आणि कपाळावर ओला पंचा. आणि ताप असला तर लपेट. लपेट म्हणजे मांजरपाटाच्या जाड चादरी पहाटे उपसलेल्या विहिरीच्या पाण्यात बुडवायच्या, दोघांनी दोन टोकं धरून उलटसुलट पिळायच्या, आणि तापलेल्या माणसाला हात अंगाशी घेऊन मानेपासून पावलांपर्यंत गच्च गुंडाळायचं. वर घोंगडी. घाम फुटेस्तोवर सोडायचं नाही. लग्न होऊन आल्यावर दमयंतीने हे सगळं शिकून घेतलं होतं. नवी सून, कौतुकाने शिकली. माणसं बरीही व्हायची, ते नाकारून कसं चालेल? साधा ताप उतरतोच, पाणी घाला नाहीतर घालू नका, पण श्रेय मात्र पाण्याला. आणि आत गुंडाळलेला माणूस कासावीस व्हायचा, सोडा म्हणायचा, रडायचा, एखादा तर आईबहिणीवरून शिव्या द्यायचा. गुरुजी हलायचे नाहीत. बाजूला पाटावर बसून शांतपणे म्हणायचे, "तो बोलत नाय. ताप बोलतोय. निघायच्या आधी बडबडतो तो. बोलू दे त्याला." लोकांना हे फार आवडायचं. लग्नकार्यात, वर्गात, पानाच्या टपरीवर सांगायचे एकमेकांना. नियमच होता तो त्या घराचा, लपेटीतल्या माणसाचं ऐकायचं नाही.

तेरा वर्षांपूर्वी वेदिका दुसरीत होती. नवरा, गुरुप्रसाद, तेव्हाही बोटीवर. तो कायम बोटीवरच असायचा, वर्षातून येऊन परफ्युमच्या बाटल्या वाटायचा आणि जायचा. पोरीला ताप भरला, मान दुखते म्हणाली, उजेड नको म्हणाली. आबांनी लपेट घातली. उतरला, पुन्हा चढला, पुन्हा लपेट. दमयंती एका टोकाला, आबा दुसऱ्या टोकाला, मध्ये पिळली जाणारी चादर. डॉक्टरला दाखवू या का, असं ती म्हणाली होती. एकदा नव्हे. आबांनी नुसतं बघितलं तिच्याकडे, नापास मुलाकडे बघावं तसं. "ताप मोडायचा नसतो गो. उतरू द्यायचा असतो." आणि मग एका दुपारी चादरीच्या त्या बोचक्यातून पोर म्हणाली, "आई, समुद्र बंद कर ना." दमयंतीला आधी समजलंच नाही. मांडवीत समुद्र दाराशीच, पण त्या दिवशी वारा पडलेला, लाट नाही, काही नाही. "समुद्र बंद कर, मला तुझं ऐकू येत नाय." दमयंतीने आबांकडे बघितलं. आबा म्हणाले, "ताप बोलतोय." संध्याकाळी दमयंती आबांचं जेवण घेऊन त्या खोलीत आली आणि तिच्या हातातून ताट निसटलं. स्टीलचं ताट, शहाबादी फरशी, केवढा तो आवाज! भाताची शितं भिंतीपर्यंत उडाली. पोर जागी होती, डोळे उघडे, छताकडे लागलेले. तिची पापणी हलली नाही. दमयंतीने आबांकडे बघितलं आणि आबांनी फरशीवर गरगरत राहिलेल्या ताटाकडे. त्यांनी पाहिलं होतं. त्यांना कळलं होतं, तिला जितकं कळलं तितकंच, आणि त्याच क्षणी. मग ते उठले आणि म्हणाले, आणखी एक लपेट घालू.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पोरीला उचललं आणि न विचारता रिक्षात घातलं. मेंदूच्या आवरणाला सूज, डॉक्टर म्हणाले. जीव वाचेल. कानांचं सांगता येत नाही, बहुतेक आधीच गेलेत, दोन दिवस आधी आणायला हवं होतं. तिथे एक नर्स आली आणि ओल्या फडक्याने पोरीचं अंग पुसायला लागली, ताप खाली यावा म्हणून. दमयंती ते बघून एवढ्या मोठ्याने ओरडली, की वॉर्डातल्या बायका उठून बसल्या. "पाणी नको! पाणी लावू नका तिला!" नर्सला वाटलं, ही बाई खुळी आहे. झालंही असेल डोक्यावर परिणाम तेव्हा, कोण जाणे. आणि मग घरी आल्यावर हळूहळू गोष्ट तयार झाली. कुणी विचारलं की आबा म्हणायचे, ताप जवळजवळ उतरलाच होता, पण सूनबाईला दम निघाला नाय, हॉस्पिटलात नेली, तिथे सुया टोचल्या, सुयांनी कान गेले. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दमयंतीला वाटलं, म्हातारा दुःखाने बरळतोय. दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा तिने गुरुप्रसादला फोन केला. तो समुद्रावरून म्हणाला, "जाऊ दे गं, वय झालंय त्यांचं. वाद नको." त्यानंतर मोजायचं तिने सोडून दिलं. जो सांगत होता तो स्वतः त्यावर विश्वास ठेवायला लागला होता, आणि ऐकणाऱ्यांना तर काय, सुयांची भीती सगळ्यांनाच.

पण पोरीलाही आबांनी तेच सांगितलं, हे तिला कितीतरी उशिरा कळलं. तोवर हातांची भाषा त्या दोघांची झाली होती. आबा मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेत जाऊन वेदिकाच्या शेजारी बाकावर बसून शिकले, त्या वयात, बोटं वळत नसताना. लोकांनी डोळे पुसले हे बघून. दमयंती बर्फ विकत होती. घर चालायला नको? तिला हातांनी जेवण, झोप, शाळा, ये, जा, आवर एवढंच येत होतं. बाकी सगळं ती ओठांनी बोलायची, सावकाश, तोंड मोठं उघडून, आणि वेदिका ते वाचायची. माय-लेकींचं सगळं बोलणं असं तोंड वेंगाडून. आणि तिकडे आजा-नात अंगणात हात उडवत तासन् तास हसायची. एकदा, सातवी-आठवीत असेल, पोरीने वहीच्या पाठकोऱ्या पानावर लिहून तिच्यापुढे धरलं होतं : 'तू मला तिकडे का नेलंस?' दमयंतीने खरं सांगितलं. सगळं सांगितलं, ओठांनी, सावकाश. पोर तिच्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग तिने मान फिरवली. ओठ वाचणाऱ्या माणसाला एक मोठी सोय असते. मान फिरवली की समोरचा गप्प.

घराच्या फाटकातच शेजारच्या गोदूबाई भेटल्या, गुडघ्याला ओली पट्टी बांधून घ्यायला आलेल्या आणि तशाच परत निघालेल्या. "गुरुजी तापाने पडलेत ना," त्या म्हणाल्या. "चार दिवस त्या नारळाच्या आळ्यांत उतरले होते चिखलात, चप्पल नाय पायात. किती म्हटलं, गुरुजी, उंदीर झालेत तिथे. पण काय चिंता नाय हां, वेदू हाय. अगदी त्यांच्यासारखीच गुंडाळते गो पोर! हात बघ तिचा." दमयंती हो म्हणाली. हात बघितला होता तिने. आत आली तर मधल्या खोलीत तेच सगळं, बादल्या, पाट, घोंगडीचा ओलसर लोकरी वास, आणि चादरीत बांधलेला म्हातारा, फक्त तोंड बाहेर. आणि पाटावर बसलेली तिची मुलगी, केस वर बांधलेले, ओढणी कमरेला खोचलेली, कपाळावर आबांचीच ती आठी. वेदिका विशीची होती आणि तिला पुढे हेच करायचं होतं, पाण्याच्या उपचारांचा कोर्स, पुण्याला. फॉर्म आबांनीच आणून दिला होता. आईला बघून तिने हात हलवले. त्यातलं कालपासून आणि थंडी एवढं दमयंतीला कळलं. कालपासून! काल संध्याकाळी ती घरात होती. आबा जेवायला आले नाहीत आणि तिने विचारलं नाही. त्या घरात ते दोघं एकमेकांना काही विचारत नसत.

ती जवळ गेली आणि वाकली. म्हाताऱ्याचे डोळे लाल होते, कोंबड्याच्या तुऱ्यासारखे लाल, आणि त्या लालीच्या कडेने पिवळट झाक. ओठ फुटलेले. दमयंती बघत राहिली. हे डोळे तिने पाहिले होते. गेल्या पावसाळ्यानंतर फॅक्टरीतला एक लोडर असाच आला होता, पोटऱ्या दुखतायत म्हणत, डोळे असे, आणि सगळ्यांनी चेष्टा केली होती की काल जास्त झाली वाटतं. आठवडा नाही गेला, तो वारला. लेप्टो, उंदरांच्या मुतातून होणारा ताप. सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर चित्रं लावलेली असतात, उंदीर, चिखल, अनवाणी पाय, ताबडतोब डॉक्टरांना दाखवा. तिने घोंगडीवरून त्यांच्या पोटरीवर हात ठेवला आणि जरासा दाबला. म्हातारा कळवळला. तिने हात काढला नाही लगेच. जरा वेळ तसाच ठेवला.

वेदिका दुसरी चादर भिजवायला बादलीशी वाकली. आबांनी तिची पाठ बघितली आणि मान भिंतीकडे वळवली.

"दमयंती."

"हां आबा."

"सुजयला बोलव. डॉक्टर सुजयला." आवाज भिंतीला लागून येत होता. "हा ताप वेगळा हाय गो. लघवीला लाल होतंय. हॉस्पिटलात ने मला."

दमयंतीला आपल्या कानांवर विश्वास बसेना. तेरा वर्षं. तेरा वर्षं ज्याची वाट बघितली ते असं, भिंतीकडे तोंड करून, लघवीबरोबर यावं!

"तिला कळू देऊ नको," आबा म्हणाले. "तिला म्हण की तुझा हट्ट. म्हण, मी नको म्हणत होतो, तू जबरदस्तीने नेलंस. तुझं काय, तुझ्यावर तसाही राग हायच तिचा. आणखी थोडा."

हे त्याने इतक्या साधेपणाने म्हटलं, जणू पिशवीत आणखी एक नारळ टाक. वेदिका मागे चादर पाण्यात दाबत होती. तिच्या डोक्यावरून, तिच्या पाठीवरून, तिच्या त्या आवाज न शिरणाऱ्या कानांवरून ही दोघं बोलत होती आणि पोरीला पत्ता नव्हता. दमयंतीने तोंडावर पदर घेतला, खोकल्यासारखं केलं, आणि पदराआडून म्हणाली, "आबा, लपेटीत माणूस बोलत नाय. ताप बोलतो."

भिंतीकडून बारीक, फाटका आवाज आला. हसू होतं की कण्हणं, कोण जाणे.

"मस्करी करू नको. मरेन मी."

"बोलवते ना. लगेच बोलवते. आधी तिला सांगा."

"काय सांगू?"

"तुम्हाला ठाऊक आहे काय ते. सुयांनी कान गेले नाहीत. इथे गेले, या खोलीत. ताट पडलं तेव्हा तुम्ही बघितलंत. सांगा तिला."

"बरा झालो की सांगतो."

"तेरा वर्षं तुम्ही बरेच होतात की."

"ती माझ्याकडे बघेल का गो मग?" आबा म्हणाले. आणि या एका वाक्यात आवाज एकदम म्हातारा झाला, गुरुजींचा राहिला नाही. "मला दुसरं कोण हाय?" दमयंतीला क्षणभर कीव आली. आली, नाही असं नाही. पण लगेच तिने ती कीव पायाखाली घेतली. मला कोण होतं? मला कोण आहे? माझी पोर माझ्या घरात राहून तुमची झाली, आणि तुम्ही मला विचारता? दगड आहे हा माणूस, दगड, आणि मी याच्यावर तेरा वर्षं पाणी ओतत बसले.

वेदिका चादर घेऊन उठली, एक टोक तिने आईपुढे केलं. दमयंतीने धरलं. किती वर्षांनी धरलं! त्या दिवसानंतर तिने या चादरींना हात लावला नव्हता, गुरुप्रसादला मलेरिया झाला तेव्हासुद्धा नाही. आता दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या आणि पिळायला लागल्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. मनगटांना सगळं आठवत होतं, मेल्यांना. पाणी बादलीत धो धो पडलं, मग धार, मग थेंब. आणि वेदिका हसली. आईकडे बघून हसली, मनापासून, दात दिसेपर्यंत. तिला आवडलं होतं. आई आली, आईने टोक धरलं, आई आता आपल्यात. तिने चादर एका हातात धरून दुसऱ्या हाताने काहीतरी केलं, छातीवरून फिरवून, आणि ते छान किंवा बरं असं काहीतरी होतं. इतकं साधं, इतकं हवंहवंसं ते तोंड. दमयंतीला वाटलं, आत्ता फोन करावा. पर्स खुंटीला आहे, उठावं, काढावा. आणि मग वाटलं, म्हातारा पुन्हा सुटेल. हॉस्पिटलात बरा होईल, मोसंबी खाईल, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगेल, आमच्या सूनबाईचा हट्ट हो. आणि पोर माझ्याकडे आणखी थोड्या रागाने बघेल. नाही. आज नाही. आज एक वाक्य हवं मला. दोन हात हलवायला किती वेळ लागतो?

दोघींनी जुनी चादर सोडवली. म्हाताऱ्याचं अंग वाफाळत होतं, चामडी भाजक्या कौलासारखी तापलेली, छातीवर बारीक लाल ठिपके. नवी चादर गुंडाळली, हात अंगाशी, गच्च. दमयंतीने स्वतःच्या हाताने खोचली. पाटावर वेदिका बसली, भिंतीला टेकून दमयंती उभी राहिली. बाहेर उन्हं नारळांवरून उतरायला लागली होती. कुणाच्यातरी घरी टीव्ही लागला, जाहिरात, गाणं, पुन्हा जाहिरात. म्हातारा दातांवर दात आपटत होता. दमयंती बघत होती. आता म्हणेल, आता म्हणेल. आणि तिला वाटलं, ही जागा ओळखीची आहे. ही नव्हे, ती, पाटाची. तापलेल्या माणसाशेजारी बसून आपलंच खरं व्हायची वाट बघत राहायचं. बाकी काही नाही, फक्त आपलं खरं व्हायला हवं. तेव्हा पाटावर आबा होते. मग तिला स्वतःचीच शिसारी आली आणि ती तशीच उभी राहिली. शिसारी आली म्हणून माणूस जागचा हलतोच असं नाही. आणखी जरा वेळ, तिने स्वतःला सांगितलं. अगदी जरासा. एवढ्यात काही होत नाही.

आबांना हुडहुडी भरली. सगळं बोचकं हलायला लागलं, शेजारचा पाटही हलला. वेदिका घाबरली, त्यांच्या खांद्यांवर दाब देऊन बसली, तोंडाने तिचा तो घोगरा, स्वतःला न ऐकू येणारा आवाज करत. हुडहुडी ओसरली तेव्हा आबांनी डोळे उघडले आणि थेट दमयंतीकडे बघितलं. आता भिंतीकडे वळले नाहीत.

"हात सोड माझा. सांगतो."

दमयंती गुडघ्यांवर बसली आणि चादरीचं टोक ओढायला लागली. वेदिकाने तिचं मनगट धरलं, नाही, नाही, मान हलवली, घाम यायच्या आधी सोडायचं नसतं! दमयंतीने मनगट हिसडून सोडवलं. उजवा हात बाहेर आला, पाण्याने बोटं सुरकुतलेली, पांढरी. तो हात हवेत उचलताना म्हाताऱ्याचा दंड थरथरला. दमयंतीने त्याला कोपराखाली आधार दिला. हो, तिने स्वतः आधार दिला.

आबा अगदी सावकाश बोलले. एरवी त्या दोघांचे हात पाकोळ्यांसारखे उडत, दमयंतीला ओ की ठो कळत नसे. पण आज लहान मुलाला शिकवावं तसं एकेक, सुटं सुटं. शक्ती नव्हती म्हणून असेल. किंवा दमयंतीलाही कळावं म्हणून. दोन बोटं त्यांनी चादरीतल्या दुसऱ्या मनगटाच्या जागेवर ठेवली, नाडी बघतात तशी. डॉक्टर. मग तळवा छातीला. मी. मग हात पसरून पुढे. मागितला. मग एक बोट नाकपुडीशी नेलं, चमकीच्या जागी. आई. आणि मग ते बोट हवेत, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे, पुन्हा एकदा. नाही. देत नाही.

हात खाली पडला. आबांनी डोळे मिटून घेतले.

एक अक्षर खोटं नव्हतं त्यात. दमयंती वाट बघत राहिली, पुढचं येईल, ताट, समुद्र, सुया. काही आलं नाही. तेवढंच होतं. थेरड्याने आयुष्यात एकदा खरं सांगितलं आणि तेही हे. वेदिका वळली. आईच्या तोंडाकडे बघायला लागली, आणि मग तिने ते केलं जे ती घरातही करत नसे, लाजायची, लोक हसतात म्हणून. ती आवाजाने बोलली. "ख-रं?" जाड, वेडावाकडा, चुकीच्या जागी उंच गेलेला शब्द. दमयंतीने तोंड उघडलं. सांगायचं होतं कितीतरी. आधी काय झालं, त्याने मला काय म्हण म्हणून सांगितलं, मी कशासाठी थांबले, तुझ्यासाठीच थांबले गो, तुझ्यासाठी. पण जे जे सुचलं त्याच्या आधी 'हो, पण' होतं. आणि पोर तिच्या ओठांवर नजर रोखून बसली होती.

"हो," दमयंती म्हणाली.

वेदिका उठली. खुंटीवरची पर्स काढली, ती जमिनीवर उलटी केली, त्यातून फोन उचलला. बोलायला तो तिच्या काही कामाचा नव्हता. तिने तो आईपुढे धरला, हात ताठ करून, जवळ न येता. दमयंतीने नंबर लावला. वेदिका पाटाशी बसून चादर सोडवायला लागली, आबांचा दुसरा हात, छाती, पाय. जोरजोराने ओढत होती, फाडल्यासारखी, आणि प्रत्येक वेटोळ्यानंतर मान वर करून बघत होती.

डॉक्टर सुजय दवाखान्यातच होते. तिने सगळं भराभर सांगितलं, डोळे, पोटऱ्या, लघवी.

"गाडी पाठवतो, तयार राहा," ते म्हणाले. "ताप कधीपासून?"

"कालपासून."

"आणि आत्ता फोन करताय? वहिनी, तुमच्या इथे वर्षाला दोन माणसं जातात याने! गुरुजी नाहीच म्हणत असणार, ते मला माहीत आहे. पण घरात दुसरं कुणी नव्हतं का शहाणं? कोण होतं त्यांच्याजवळ?"

चादर पूर्ण सुटली होती. वेदिका ती तशीच मांडीवर घेऊन बसली होती आणि आईच्या ओठांकडे बघत होती.

"मी होते," दमयंती म्हणाली.